उपकारस्तुती, रिपोर्टच्या आधी

मी तेहतीस वर्षं नर्स होते. तेवढ्या काळात कितीतरी नातेवाइकांना मी दम भरला असेल, की रिपोर्ट हातात पडल्याशिवाय पेढे वाटू नका. डॉक्टर 'दिसायला तर ठीक दिसतंय' म्हणाले, की लोक त्यातलं 'ठीक' तेवढं उचलून घरी जातात आणि बाकीचं दवाखान्यातच ठेवतात. नव्या मुलींना मी हे शिकवायचे. आणि स्वतःच्या नवऱ्याच्या वेळी मी काय केलं, तर रिपोर्ट यायच्या आधीच चर्चमध्ये उपकारस्तुती जाहीर करून मोकळी झाले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय.

उपकारस्तुती म्हणजे आमच्या ख्रिस्ती घरांतली जुनी रीत. कुणी आजारातून उठलं, कुणाला नोकरी लागली, कुणाचं घर बांधून झालं, की त्या घरी संध्याकाळची छोटी उपासना ठेवायची. पाळकसाहेब येतात, गाणी होतात, शास्त्रातलं एखादं वचन वाचून त्यावर चार शब्द बोलतात. मग ज्याचं घर तो उठून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतो, आणि शेवटी जेवण. आधीच्या रविवारी चर्चमध्ये ती जाहीर करतात. एकदा जाहीर झाली की मागं घ्यायची नसते. तसा काही नियम नाही, पण कुणी मागं घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आमचे हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. मूळचे उजनीच्या पाण्याकाठच्या गावातले, त्यामुळे सोलापुरात चाळीस वर्षं काढूनही बोलण्यातलं 'हाय' आणि 'न्हाय' गेलं नाही. गाताना मात्र सगळे उच्चार स्वच्छ. आमच्या चर्चमध्ये गाण्याची पहिली ओळ ते उचलायचे आणि मंडळी मागून यायची. पेटी होती, ढोलकी होती, पण पहिली ओळ त्यांचीच. मला स्वतःला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मी गायला लागले की शेजारची बाई गीतपुस्तकात आपलं पान तपासून बघते.

खरं सांगायचं तर त्यांच्या गाण्याचा मला रागच होता. शनिवारी तालीम, रविवारी तासभर आधी जायचं, नाताळच्या दिवसांत तर घरात जेवायलासुद्धा नाही. मुलगी झाली तेव्हा मी कळा देत होते आणि हे ईस्टरच्या गाण्यांची तालीम घेत होते. निरोप मिळाल्यावरही तीन गाणी संपवून आले. 'देवाचं काम सोडून कसं येणार' म्हणाले. मुलगी आता पुण्यात नोकरी करते, तिलाही ही गोष्ट पाठ आहे.

तर या वर्षी थंडीच्या शेवटी त्यांचा आवाज बसला. आमच्या गल्लीत दोन यंत्रमागांचे कारखाने आहेत, सुताचा कोंडा उडतो, त्यानं झालं असेल असं ते म्हणाले. मीही तेच म्हणाले. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, असं करत मी अडीच महिने काढले. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला वॉर्डातच उभं करून झापलं असतं. शेवटी घशात दुर्बीण घालून बघितलं, गाठ निघाली, ती काढली, तपासणीला पाठवली. डॉक्टर म्हणाले, दिसायला तर ठीक दिसतंय, महिनाभर बोलू नका. मी रविवारी पाळकसाहेबांना चिठ्ठी दिली, येत्या शनिवारी आमच्या घरी उपकारस्तुती. वचन यांनीच निवडलं होतं. ज्याला ज्याला श्वास आहे त्या प्रत्येकानं परमेश्वराची स्तुती करावी, अशा अर्थाचं ते वचन आहे. त्याच्या आधीच्या ओळींत वाद्यांची यादी आहे, म्हणून गाणाऱ्या लोकांना ते फार आवडतं.

गुरुवारी रिपोर्ट आला. मी एकटीच आणायला गेले होते. परत येताना सात रस्ता चौकाजवळ रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा पाकीट उघडलं. त्या रिपोर्टातले शब्द मला कुणी समजावून सांगायला नको होते. रिक्षावाल्याला मी परत दवाखान्यात घे म्हणाले, आणि यांनाही फोन करून तिथंच बोलावून घेतलं.

डॉक्टरांनी नीट सांगितलं, घाई केली नाही. रोग स्वरयंत्रात खोलवर गेलाय. ते पूर्णच काढावं लागेल. मग गळ्याला पुढून एक भोक राहील, आयुष्यभर त्यातून श्वास घ्यायचा. काही महिन्यांनी एक छोटी झडप बसवली तर बोलता येईल, घोगरं का होईना. पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात ते शब्द टाकतील, पण मंगळवारपर्यंत होय की नाही ते कळवा. लवकर केलं तर माणूस वाचतो, उशीर केला तर ते काही सांगू शकत नाहीत.

बोलायची बंदी मोडून यांनी एकच प्रश्न विचारला. "गाणं?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

घरी येऊन यांनी चपला काढल्या, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मला न्हाय करायचं ऑपरेशन. हाय तेवढे दिवस गातो."

मी म्हणाले, ठीक आहे, ते मंगळवारपर्यंत बघू, आधी पाळकसाहेबांना फोन करून शनिवारचं रद्द करू. तर म्हणे, "रद्द कशाला? जाहीर झालंय. देवाला दिलेली तारीख हाय ती."

"अहो, पण कशाबद्दल उपकार मानायचे? कॅन्सरबद्दल?"

"वचनात कशाबद्दल लिवलेलं न्हाय. स्तुती करा म्हणलंय."

इथून माझं डोकं फिरायला लागलं. तोवर ते वचन मी शेकडो वेळा ऐकलं असेन, म्हटलंही असेन, पण त्यात अडकण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. आता यांचं म्हणणं असं, की देवानं श्वास दिलाय तो स्तुतीसाठी, आणि स्तुती म्हणजे गाणं. गळाच काढून टाकला तर मागं उरलेला श्वास काय कामाचा? नुसतं जगायला? म्हणजे त्याच वचनाच्या आधारानं माणूस मरायला निघाला होता. आणि मला त्यांना वाचवायचं तर त्या वचनाचाच दुसरा काहीतरी अर्थ शोधायला हवा होता, कारण माझं ते ऐकणार नव्हते. देवाचं कदाचित ऐकले असते.

श्वास म्हणजे काय ते मला माहीत आहे. मिनिटाला किती चालतात ते छातीकडे बघून मोजायचं, तक्त्यावर लिहायचं. त्यात स्तुती कुठं असते? श्वास तर गल्लीतल्या कुत्र्यालाही आहे. शेजारच्या अंगणातल्या बकरीला आहे. बकरी स्तुती करते का? आणि करत असेल तर ती गाते कुठं? शुक्रवारी भाकऱ्या थापताना मी हेच घोळवत होते, आणि एक भाकरी तव्यावर कोळसा झाली.

आणखी एक प्रश्न होता, तो मी कुणाला विचारायचं धाडस केलं नव्हतं. देवाला स्तुती हवीच कशाला? नोकरीत मी असे एक साहेब बघितलेत, राउंडला आले की आधी त्यांचं कौतुक करायचं, मगच फाइलवर सही. त्यांचा मला मनस्वी तिटकारा होता. मग देवानं तेच मागितलं तर ते गोड कसं? असं मनात आलं की लगेच भीतीही वाटायची, की आत्ता या वेळी हे असले विचार, आणि देवानं ऐकलं तर.

शुक्रवारी संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेले. ते आमच्या मुलीच्या वयाचे आहेत, सभ्य आहेत. त्यांना मी रिपोर्टचं सांगितलं आणि कुणाला बोलू नका म्हणाले. त्यांनी शास्त्र उघडून ते वचन काढलं. मग म्हणाले, "बाई, शास्त्रात श्वास म्हटलंय. गळा म्हटलेलं नाही. श्वास राहणार आहे ना त्यांचा? मग स्तुतीही राहील."

मला वाटलं, झालं, सापडलं. जवळजवळ पळतच घरी आले आणि यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाळकसाहेबांचा गळा शाबूत हाय. त्यांना सांगायला काय जातंय?"

चीड याची आली की यांचं म्हणणं मला पटलंही होतं.

शनिवारी नेमकं नळाला पाणी यायचा दिवस. आमच्याकडे ते पाचव्या दिवशी येतं, त्यामुळे घरात कार्यक्रम असो की मयत, आधी पाणी. पहाटे बॅरल भरताना शेजारच्या खाला भिंतीपलीकडून बोलल्या. आमच्या दोन्ही घरांचा तीस वर्षांचा शेजार आहे. मला राहवलं नाही. रिपोर्टचं बोलले नाही, फक्त विचारलं, "खाला, तुम्ही पाच वेळा अल्लाची तारीफ करता. त्याला एवढी तारीफ कशाला लागते हो?"

खालांनी पाइप दुसऱ्या बॅरलमध्ये टाकला. "उसको कायको होना? उसका क्या अटक्या है? हमनाच होना. नै बोले तो आदमी दिनभर खुद की तारीफ करते बैठता."

त्याला कशाला हवी, आपल्यालाच हवी, असं त्या सहज बोलल्या आणि पाइपकडे वळल्या. मी मात्र तिथंच उभी. बॅरल भरून वाहायला लागलं तेव्हा त्यांनीच आवाज दिला.

संध्याकाळी पन्नासेक माणसं आली. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या, आत मी आणि मंडळीतल्या दोघी जेवणाचं बघत होतो. यांच्या आजाराचं सगळ्यांना माहीत होतं, रिपोर्टचं पाळकसाहेब सोडून कुणालाच नाही. सगळे आनंदानं आले होते आणि येईल त्याला मी आमच्या रीतीप्रमाणे हसून सलाम करत होते. इतकं खोटं हसणं मी ड्यूटीवरही कधी हसले नसेन.

हे बोलायला उठले. मला वाटलं आता सांगतील. पण नाही. म्हणाले, "देवानं आजवर गाऊ दिलं, त्याबद्दल त्याचे उपकार." एवढं बोलून त्यांनी सरळ गाणं उचललं. डॉक्टरांनी महिनाभर बोलूही नका म्हणून सांगितलेला माणूस. पहिल्या ओळीला आवाज नुसताच खरखरला. दुसऱ्या ओळीला लागला. वरच्या पट्टीत गेला तसा चिरकला, तुटला, आणि त्यांनी तो परत धरला. मग मंडळी मागून आली. बायका पदरानं डोळे पुसत होत्या, पाळकसाहेब मान खाली घालून उभे होते, आणि माझ्या हातातला डाव तसाच पातेल्यावर राहिला होता. ज्या गाण्याचा मी जन्मभर राग केला ते त्या दिवशी मलाही आत कुठंतरी लागलं. हेही मान्य करायला हवं.

पण मी दुसरंही बघत होते. यांची एक सवय आहे. गाताना डोळे मिटलेले असतात, आणि कडवं संपलं की एक डोळा किंचित किलकिला होतो आणि मंडळीवरून फिरतो. कोण रडतंय, कोण डोलतंय ते बघून परत मिटतो. ही सवय फक्त मला माहीत आहे. त्या दिवशीही प्रत्येक कडव्याला तो डोळा उघडला. जेवताना लोक म्हणाले, "काय गळा दिलाय देवानं, आजारपण आलं असं वाटतच नाही." आणि यांचा चेहरा असा उजळला, की ताटातली शेंगाचटणी मागायचंही भान राहिलं नाही त्यांना.

रविवारी दुपारी आम्ही दोघंच घरी होतो. मी म्हणाले, "मंगळवारी कळवायचंय. उद्याच फोन करते. होय म्हणून सांगते."

"न्हाय म्हणून सांग," ते म्हणाले. "काल बघितलंस की. असं गात गात जाईन. देवाची स्तुती करत."

"कुणाची?" मी म्हणाले.

त्यांना कळलं नाही. आणि मी थांबले नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात, त्या दुपारी माझ्या जिभेला ते नव्हतंच. मी म्हणाले, "कुणाची स्तुती? देवाची का तुमची? कडवं संपलं की डोळा उघडून बघता तुम्ही, कोण रडतंय ते. चाळीस वर्षं बघतेय मी. देव दिसायला डोळा उघडावा लागत नाही. गळा जाईल म्हणून नाही घाबरलात तुम्ही. उद्यापासून वाहवा कोण करणार म्हणून घाबरलाय. आणि त्याला देवाचं नाव देताय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. उठले, बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. दुपारच्या दोनच्या उन्हात, जिथं कुत्रंही बसत नाही. चहाला हाक मारली तर आले, प्यायले, परत जाऊन बसले.

मला काय सांगायचं होतं ते मला नंतर कळलं. मला एकटीनं राहायची भीती वाटत होती. सकाळी उठून कुणासाठी दोन कप चहा टाकायचा, याची भीती वाटत होती. तुम्ही मला हवे आहात, गळ्यासकट नाहीतर गळ्याशिवाय, एवढंच सांगायचं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात हे असलं बोलायची सवय नव्हती. भांडायची होती, म्हणून भांडले.

सोमवारी सकाळी त्यांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि म्हणाले, "फोन कर त्यांना. करूया म्हणावं."

"का?" मी विचारलं. गुरुवारपासून रडकुंडीला येऊन जे मागत होते ते मिळालं, तर माझ्या तोंडून हेच निघालं.

"फोन कर की," ते म्हणाले.

पुढं सगळं भराभर झालं. पुण्याला मुलीकडे मुक्काम, तपासण्या, सह्या. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मुलीनं मोबाइल पुढं केला, बाबा, एक गाणं रेकॉर्ड करू. त्यांनी नको म्हणून हात हलवला. मला तेही समजलं नाही. थकले होते, की माझ्या बोलण्यानंतर त्यांना गाण्याचीच लाज वाटायला लागली होती? तेव्हा त्यांना आवाज होता. मी विचारायला हवं होतं, आणि विचारलं नाही.

आता आम्ही घरी आहोत. गळ्यावरच्या भोकापुढं पातळ कापडाचा रुमाल बांधलेला असतो, गल्लीतल्या कोंड्यामुळे तो दिवसातून तीनदा बदलते. नळी साफ करते, वाफ देते, हे मला येतं. तोंडातून वारा येत नाही म्हणून त्यांना चहा फुंकता येत नाही, मी बशीत ओतून देते. झडप अजून बसवायची आहे. तोवर ते वहीत लिहितात. त्यांचं लिहिणं पार्सल ऑफिसातल्यासारखं आहे, लागेल तेवढंच. 'वाफ.' 'पंखा.' 'मुलीचा फोन?'

चर्चला पहिल्यांदा गेलो तेव्हा पहिली ओळ दोघातिघांनी मिळून उचलली, ती वेगवेगळ्या पट्टीत निघाली आणि मंडळी गोंधळली. हे तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी उभे होते, डोळे मिटून. रुमाल श्वासाबरोबर हलत होता. मी गायचं सोडून त्यांच्याकडे बघत होते. एक कडवं झालं, दुसरं झालं, शेवटचं झालं. डोळे एकदाही उघडले नाहीत. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट डोळा उघडावा म्हणून मीच वाट बघत राहिले. पाळकसाहेब म्हणाले तशी श्वासानं स्तुती चालली होती, की तिथं आता कुणीच काही करत नव्हतं? आणि माणसं रडताना बघून या माणसाला जो आनंद व्हायचा, तो मी कोणत्या अधिकारानं बंद केला? त्याच आनंदात कुठंतरी देवही बसत असेल तर?

पुढच्या मंगळवारी चहा बशीत ओतताना मी शेवटी बोलले. "त्या रविवारी मी जे बोलले, त्याचा राग धरून हो म्हणालात का तुम्ही?"

त्यांनी वही ओढली. लिहिलं, 'राग न्हाय. तुझं खरं होतं.'

मी ते वाचलं आणि मला रडू आलं. ते खोटं असावं, यांनी मला चार शिव्या लिहून द्याव्यात, यासाठी मी तेव्हा काहीही दिलं असतं. "अहो, मी घाबरले होते," मी म्हणाले. "तुम्ही जाल म्हणून तसं बोलले. खरं की खोटं ते मलाही ठाऊक नव्हतं."

त्यांनी माझ्या हातून वही परत घेतली. मग त्याच ओळीच्या खाली लिहिलं, 'समदं न्हाय. थोडं देवाचंबी होतं.'

थोडं म्हणजे किती, ते मी विचारू शकले नाही.